सर्वांत मागे धावणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी गेलेल्या रुग्णमित्रांचा पाठपुरावा आम्ही करतो. त्यांच्या पहाटेच्या धावण्यात तुम्ही, अंगात वेग असूनही, कायम सर्वांत मागे असता. हे जाहीर आभार त्यासाठी. गळती होते ती मागूनच. एखादा दमून थांबतो, बाकीचे वळणापलीकडे दिसेनासे होतात आणि शेजारीच देशीच्या दुकानाचं शटर वर जात असतं. रस्ता आखताना तुम्ही आधी ही दुकानं टाळलीत, चढउतार नंतर पाहिलेत.

टेकडीवर धावण्याचा हट्टही तुम्हीच मोडून काढलात. वर्षानुवर्षं प्यायलेल्यांच्या नसा दारूनं आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं खराब होतात, तळपाय बधिर असतात. बुटात खडा गेला तरी कळत नाही. फोड फुटून मोजा ओला झाला की मग लक्षात येतं. म्हणून सपाट मातीचं मैदान, पुढे अंगठ्याएवढी जागा राहील असे बूट, आणि शेवटी मोजे काढून तळवे तपासणं. आधी स्वतःचे मोजे तुम्हीच काढता, त्यामुळे कुणी लाजत नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीतलं स्पिरिट आणि दुखण्यावरचा अल्कोहोलवाला स्प्रे काढलात, तेही बरं केलंत. डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठीची गोळी चालू असलेल्याला अल्कोहोल कातडीवाटेही बाधू शकतं: चेहरा लाल होतो, धडधडतं, मळमळतं. खरचटलं तर साबण-पाणी पुरे.

डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्याशिवाय तुम्ही कुणाला धावू देत नाही. मग पाच मिनिटं चालणं, एक मिनिट धाव आणि दोन मिनिटं चाल असं आठ वेळा, शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालणं. धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मनगटी घड्याळात दिसणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांवर तुम्ही विसंबत नाही, कारण प्रोप्रॅनोलॉलसारख्या, ठोके मंदावणाऱ्या गोळीनं ते कमीच दिसतात. खरी अडचण महिन्याभरानं येते. अंगात हुरूप येतो, गडी रोजच पळायला लागतो, नडगी धरते आणि घरी बसावं लागतं. रिकामी सकाळ, त्यात चिडचिड. तलफेला आणखी काय हवं? आठवड्याला तीनच दिवस, या तुमच्या नियमावर कुरकुर होते, होऊ द्या.

अमेरिकेत फिलाडेल्फियात २००७ साली सुरू झालेल्या ‘बॅक ऑन माय फीट’ या बेघरांना धावण्यातून उभं करणाऱ्या संस्थेमध्ये पहिल्या ३० दिवसांत ९० टक्के हजेरी भरली की नोकरी-घरासाठीच्या मदतीचा टप्पा खुला होतो. तिथेही मोल हजेरीचं, वेगाचं नाही. तुमच्या वहीतही वेळेचा रकाना नाही, फक्त हजेरी. जो आला नाही त्याला त्याच दिवशी तुमचा फोन जातो. ‘प्यायलास का?’ असं तुम्ही विचारत नाही. ‘परवा येतोयस ना?’ एवढंच. स्लिप झालेला, म्हणजे पुन्हा प्यायलेला माणूस या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो, पहिला प्रश्न येणार असेल तर फोनच उचलत नाही. गटाचे फोटोही तुम्ही कुठे टाकू देत नाही. कुणाच्या कामाच्या ठिकाणी काय माहीत आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं.

आता शर्यतींचा हंगाम येईल. नाव नोंदवण्याआधी शेवटी बिअर वाटतात का, एवढं आयोजकांना विचारून ठेवा. आणि मागे धावायला आणखी एक माणूस तयार करा. दोघं एकाच वेळी थांबले, तर तुम्ही एकटे कुणाजवळ थांबणार?

कळावे,
आपले,
पाठपुरावा कार्यकर्ते