मी नाय निगालेला

दापोली तालुका,
फाल्गुन वद्य सप्तमी

प्रिय सुमे,

आठ महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, ह्यांचं बीपी गोळीवर आहे. बास.

आमच्या शाळेचं संमेलन शिमग्यामुळे पुढे गेलंय, येत्या शनिवारी आहे. दरवर्षी सिनेमाची गाणी लावून पोरं कंबर हलवतात. यंदा मी हट्ट धरला, की तिसरी-चौथीची पोरं समुद्र नाचतील. गाणं नाही, नुसता ढोल. हेडसर म्हणाले, "बघा बाई, लोकांना कळलं पाहिजे." तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सुरुवात फजितीनंच झाली. दुपारी अडीचला पोरांना पुळणीवर नेते म्हटलं, तर चौथीतली एक पोरगी बोटांवर मोजत म्हणते, "बाई, आज चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला पूर्ण भरती. नाचायचं कुठं, पाण्यात?" वीस वर्षं किनाऱ्यावर काढली मी, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा हिशोब तिच्याकडून शिकले! मग दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला गेलो. अर्धा तास नुसतं बघायचं, असं सांगितलं. बारक्या कुर्ल्या वाळू तोंडात घालून त्यातलं खाणं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती टाकत जातात. सावली पडली की सगळ्या एकदम गडप. तो 'एकदम' पोरांनी असा काही उचलला, की मी शिकवायचं थांबवलं. लाट मात्र जमेना. लाट करा म्हटलं तरी पाय आमच्या जाखडी नाचाचेच! एक लाट तर अशी घुमली, की वरून जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्याचा सवाल ऐकू येईल असं वाटलं.

आठवतं ना, आपल्याला प्रशिक्षणात हालचालींचा अभ्यास करणाऱ्या त्या रुडॉल्फ लाबानची वजन, वेळ, जागा, ओघ ही चार सूत्रं पाठ करायला लावली होती? तू म्हणाली होतीस, ही मासे विकायची सूत्रं आहेत. खरं सांगू, कुर्ली आणि कासव शेजारी शेजारी नाचवल्यावर मला ती पहिल्यांदा कळली.

हां, तर कासव. त्यासाठीच लिहायला बसलेय.

गेल्या महिन्यात पोरांना आंजर्ल्याला नेलं होतं, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं सोडताना बघायला. आपण डी.एड.ला होतो त्याच सुमाराला, 2002 साली, वेळासला हे काम सुरू झालं. त्याआधी अंडी सरळ पळवली जायची. आता घरट्यावर टोपली घालतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात, दोरीच्या अलीकडून आपण बघायचं. नंतर घरटं उकरून किती निघाली, किती नाही, तेही मोजतात. शंभरेक अंड्यांतली काही आतच राहतात.

तर सरावात सगळी पोरं चादरीखाली अंडी झाली. ढोल वाजला, एकेक पिल्लू सरपटत निघालं. तिसरीतला एक जण उठेचना. मला वाटलं झोपला. चादर उचलली तर डोळे टक्क उघडे. "अरे, निघ की." तर म्हणतो, "बाई, सगली कुठं निगतात? मी नाय निगालेला."

सुमे, त्याचं अंग बघायला हवं होतंस. हनुवटी छातीला, हात कडेनं दुमडून आत, पाठीची कमान. मी वल्ह्यासारखे हात शिकवले होते. हे मिटलेलं कुणी शिकवलं? उकरलेल्या घरट्यात बघितलं असणार. चार दिवस झाले, तो तसाच पडून असतो, ढोल थांबेपर्यंत.

हेडसर म्हणतात, काढा त्याला. त्याची आई येऊन गेली, "माझा पोर सगल्यांच्या म्होरं निजून राहनार?" तिचंही बरोबर आहे. शंका मलाही येते, की त्याला नाचायचंच नसेल आणि मी उगाच त्यात थोर काही बघतेय. पुढे ठेवला तर लोक हसतील. मागे ठेवला तर दिसणार नाही, आणि मग ते काढण्यासारखंच.

आणि हे 'काढा' ऐकलं की मला तू दिसतेस. कोळी नाचाच्या रांगेतून मी तुला काढलं. ताल चुकतेस म्हणाले. तू चुकत नव्हतीस. तू लाटेसारखी थोडी उशिरा वळायचीस आणि त्यामुळे बाकी आम्ही सगळ्या कवायत करतोय असं दिसायचं. मला ते तेव्हाही दिसत होतं. तू विंगेत पत्र्याच्या डब्यावर ठेका धरलास आणि नंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाहीस. भांडण मात्र आपण काढलं खानावळीच्या पैशांवरून!

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकाची दहावी, सासूबाईंचा मोतीबिंदू, सगळं सविस्तर कळव. (मी विचारलं असं त्यांना आवर्जून सांग.)

शुक्रवारी सरांना नावांची यादी द्यायचीय. पत्र हातात पडलं की फोनच कर. विंगेत बसल्यावर काय वाटलं होतं तेवढं सांग, समजूत घालू नकोस.

आणि त्या नाचातलं ते हिरवं लुगडं हरवलं नव्हतं. माझ्याच ट्रंकेत आहे.

तुझी,
मंदी