बाबा, मशीन काय म्हणतंय ते आधी वाचा

पुणे,
रविवार दुपार

प्रिय आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, वाचनालयाच्या सभासद-यादीसाठी तुम्ही लिहीत असलेल्या प्रोग्रॅमचा फोटो मिळाला. अर्धाच स्क्रीन, त्यावर ट्यूबलाइटचा पट्टा, आणि खाली तुमचा मेसेज : ‘चालत नाही. बघ जरा.’ टेलिफोन खात्यात असताना तक्रारीच्या १९८ नंबरवर कुणी नुसतं ‘फोन बंद आहे’ म्हटलं की तुम्ही काय काय विचारायचात ते मला अजून पाठ आहे. डायल टोन येतो का? खरखर आहे का? शेजाऱ्यांचा चालू आहे का? आणि आता तुम्हीच असं मोघम लिहायला लागलात!

इथून तुमच्या कॉम्प्युटरवर शिरून मी ते दुरुस्त करून टाकेन. पण पुढच्या आठवड्यात दुसरं काही अडेल, आणि तुम्ही हौसेनं शिकायला घेतलेलं काम माझ्या सुट्टीची वाट बघत पडून राहील. म्हणून फोनवर न सांगता लिहूनच काढतेय. प्रिंट काढा आणि वाचनालयाच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवा.

एक्सचेंजपासून घरातल्या फोनपर्यंत लाइन एमडीएफ, पिलर, डीपी अशी टप्प्याटप्प्यानं यायची, आणि फॉल्ट कुठल्या तुकड्यात आहे ते तुम्ही मध्येच टेस्ट करून ठरवायचात. अख्खी केबल उकरत कधी बसला नाहीत. इथंही तसंच करायचं. ब्राउझरनं पान मागितलं की ती मागणी अपाची या वेब सर्व्हरकडे जाते. अपाची तुमचं पीएचपी, म्हणजे त्या भाषेत लिहिलेला तुमचा प्रोग्रॅम, चालवतो. पीएचपी डेटाबेस सर्व्हरकडे, म्हणजे मायएसक्यूएलकडे, जोडणी मागतं. सर्व्हर नाव आणि पासवर्ड बघून आत घेतो, मग डेटाबेस निवडला जातो, मग क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम, मग ओळी परत. या प्रत्येक ठिकाणचा नकार वेगळ्या शब्दांत येतो. ते शब्द इंग्रजीत आणि लाल अक्षरांत असतात म्हणून माणसं घाबरून खिडकीच बंद करतात. तुम्ही करू नका.

तुमच्या फोटोत वरची ओळ मला वाचता आली. ‘मायएसक्यूएल_कनेक्ट’ नावाचं फंक्शनच नाही, असं पीएचपी सांगतंय. म्हणजे डेटाबेसपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही. तुम्ही ज्या व्हिडिओवरून शिकताय तो जुना आहे. ही ‘मायएसक्यूएल_’ने सुरू होणारी फंक्शन्स वापरू नका, असा इशारा पीएचपी ५.५ पासून, म्हणजे २०१३ पासून यायला लागला, आणि २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढूनच टाकली. इंटरनेटवर मात्र ती जशीच्या तशी शिकवली जातात. कुणी सांगेल, प्रत्येक ठिकाणी एक ‘आय’ वाढवा, ‘मायएसक्यूएलआय’ करा, झालं. होत नाही. जुन्या प्रकारात आधी क्वेरी द्यायची, जोडणी नंतर, तीही दिली तर दिली. नव्यात जोडणी आधी आणि द्यावीच लागते. नुसता ‘आय’ घातलात तर वेगळ्याच तक्रारी सुरू होतील. माझं ऐकाल तर पीडीओ, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायचा दुसरा मार्ग, शिका. नवं काही नाही, २००५ पासून पीएचपीत आहे, आणि पुढं मी जे सांगणार आहे ते त्यात सोपं पडतं.

हे बदललंत की पुढचा टप्पा. ‘२००२’ हा आकडा आणि जोडणी नाकारल्याचा मजकूर दिसला, तर पलीकडे कुणी ऐकायलाच बसलेलं नाही असं समजा. झॅम्पच्या (अपाची, पीएचपी आणि डेटाबेस एकत्र देणाऱ्या पॅकेजच्या) पॅनेलमध्ये मायएसक्यूएलसमोर स्टार्ट दाबलंय का, आणि पोर्ट, म्हणजे त्याची ऐकायची जागा, ३३०६ दिसतोय का, ते बघा. हिरवं होऊन लगेच बंद पडत असेल तर बहुतेक वेळा त्याच पोर्टवर दुसराच कुणी बसलेला असतो. दिवाळीत तुम्ही आधी मायएसक्यूएल वेगळं टाकलं होतंत आणि मग झॅम्प, आठवतंय? मला त्याच जुन्या पाहुण्याचा संशय आहे. पॅनेलवर लॉग्जचं बटण आहे, त्यात कारण लिहिलेलं असतं. आणि कृपा करून, नेटवर कुणी ‘डेटा फोल्डर उडवा, लगेच सुरू होईल’ असं सांगितलं तर उडवू नका. सुरू होईल हे खरं, पण आईनं टाइप केलेले सगळे सभासद त्याच फोल्डरात आहेत.

आता ‘१०४५’. प्रवेश नाकारला. या ओळीच्या अगदी शेवटी पासवर्ड वापरला की नाही ते ‘येस’ किंवा ‘नो’ असं लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. ‘नो’ असेल तर तुमच्या प्रोग्रॅमनं पासवर्ड पाठवलाच नाही. व्हेरिएबलच्या नावात एखादं अक्षर चुकलं की असं होतं. तुम्ही डोळ्यांत तेल घालून पासवर्ड तपासत बसता, आणि तो गेलेलाच नसतो. ‘येस’ असेल तर पासवर्ड चुकलाय, किंवा माणूस बरोबर आहे पण दार चुकलंय. मायएसक्यूएलमध्ये ओळख नुसत्या नावावर ठरत नाही, कुठून आलात तेही त्या ओळखीत धरलेलं असतं. लोकलहोस्टवरून, म्हणजे त्याच कॉम्प्युटरवरून, येणारा ‘ग्रंथपाल’ आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून येणारा ‘ग्रंथपाल’ ही त्याच्या लेखी दोन माणसं.

झॅम्पमध्ये सुरुवातीला रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरला, पासवर्डच नसतो. घरच्या कॉम्प्युटरवर शिकताना ठीक आहे, वाचनालयात नको. वाचनालयाच्या डेटाबेसपुरता एक वेगळा यूजर बनवा, त्याला वाचायचा, भरायचा आणि दुरुस्त करायचा अधिकार द्या, टेबल पुसायचा देऊ नका. आणि हो, काल तुम्ही ‘सहकुटुंब’ ग्रुपवर जो दुसरा फोटो टाकलात, त्यात नवा पासवर्ड स्पष्ट दिसतोय. दादानं अंगठा वर केलाय आणि मावशीनं फुलं पाठवलीत. तो बदला.

मारियाबद्दल विचारलं होतंत. ‘मी तर मायएसक्यूएल टाकलं, मग एररमध्ये ही मारिया कोण?’ प्रश्न रास्त आहे. झॅम्पच्या पॅनेलवर नाव मायएसक्यूएलचं आहे, पण आत बऱ्याच वर्षांपासून मारियाडीबी बसवलेलं असतं. मायएसक्यूएल लिहिणाऱ्यांपैकी एक मायकेल विडेनियस, फिनलंडचे. त्यांनी थोरल्या मुलीचं, माय हिचं नाव त्याला दिलं. पुढं ती कंपनी २००८ मध्ये सन नावाच्या कंपनीनं विकत घेतली, २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. या उलथापालथीत विडेनियसनी २००९ मध्ये त्याच कोडवरून वेगळी चूल मांडली आणि तिला धाकट्या मुलीचं, मारियाचं नाव दिलं. तुमच्या कामापुरत्या दोघी बहिणी सारख्याच वागतात. (माझ्या नावानं तुम्ही निदान एखादा फोल्डर तरी करा.)

आता खरी गंमत क्वेरीत आहे. परवा म्हणालात की सगळे सभासद नीट भरले जातात, फक्त डिसोझांचं नाव टाकलं की ‘१०६४’ येतो. इंग्रजीच्या रकान्यात ते आडनाव लिहिताना डी नंतर वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते. तुमच्या क्वेरीत नाव दोन एकेरी अवतरणचिन्हांच्या मध्ये चिकटवलंय. सर्व्हरला वाटतं नाव ‘डी’पाशीच संपलं, आणि उरलेलं ‘सोझा’ हा त्याला काही कळतच नाही असा हुकूम. म्हणून एररमध्ये ‘अमुकच्या जवळ’ असं सांगून तो सोझापासूनचा तुकडा छापतो. या एररचं असंच असतं : दाखवलेल्या तुकड्याच्या किंचित आधी बघायचं, कारण गोंधळ तिथं झालेला असतो. आपल्याकडे सावंतवाडीपासून खाली गोव्यापर्यंत डिसोझा काय कमी आहेत? प्रत्येकाची खूण काढून टाकणं हा उपाय नव्हे. त्यांचं नाव ते लिहितात तसंच राहिलं पाहिजे.

उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. क्वेरीत नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं, क्वेरी आधी तयार करून घ्यायची, आणि नाव वेगळं द्यायचं. मग नावात काहीही असो, सर्व्हर त्याला हुकूम समजत नाही. याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. आज डिसोझांच्या नावानं क्वेरी अपघातानं मोडली, उद्या कुणी मुद्दाम शोधाच्या चौकटीत अशी खूण आणि पुढं दोन शब्द टाइप केले तर अख्खी यादी बाहेर येऊ शकते. लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत त्यात. या एका बाबतीत मी आळस खपवून घेणार नाही, आधीच सांगते.

कधी कधी एरर दिसते एका ओळीवर आणि दुखणं असतं आधीच्या. ‘फेच_असोक’ हे बूलवर (म्हणजे नुसत्या खरं-खोटं अशा उत्तरावर) चालत नाही, अशी काहीतरी विचित्र तक्रार येईल. तिचा अर्थ एवढाच की वरची क्वेरीच फसली होती. तिनं ओळींऐवजी ‘फॉल्स’ दिलं आणि तुमचा प्रोग्रॅम त्या फॉल्समधून सभासद काढायला गेला. पूर्वी पीएचपी अशा वेळी गप्प बसायचं. पीडीओ पीएचपी ८.० पासून आणि मायएसक्यूएलआय पीएचपी ८.१ पासून आपणहून ओरडायला लागलं. वाचनालयातलं पीएचपी ७ चं आहे, तेव्हा ओरडायचा मोड तुम्हालाच लावावा लागेल. आणि व्हिडिओवाल्या गृहस्थांनी फंक्शनच्या आधी ‘ॲट’चं चिन्ह लावायला शिकवलंय ते आधी काढा. त्यानं एरर जात नाही, दिसायची बंद होते.

एररच नाही, पण पानही रिकामं, असं झालं तर? तयार झालेली क्वेरी पडद्यावर छापा, ती उचलून डेटाबेस हाताळायच्या पानावर, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये चिकटवा आणि चालवा. तिथं ओळी आल्या तर गडबड तुमच्या पीएचपीत. तिथंही नाही आल्या तर क्वेरीत किंवा डेटात. मी ऑफिसात दिवसभर यापेक्षा फार वेगळं काही करत नाही.

आई, तू विचारतेस ना, रात्रीअपरात्री कसले फोन येतात? आमच्याकडे पायथन भाषेतले प्रोग्रॅम रात्रभर चालतात. त्यातला एखादा सकाळी जोडणी उघडतो आणि रात्रीपर्यंत तिच्याकडे ढुंकून बघत नाही. मायएसक्यूएल मुळात २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, वाट बघतं आणि गप्प बसलेल्याची जोडणी तोडून टाकतं. मग रात्री प्रोग्रॅम जागा होतो, क्वेरी पाठवतो, आणि उत्तर येतं की सर्व्हर निघून गेला. कुठंही गेलेला नसतो, तिथंच असतो. पण मला उठावं लागतं.

तुझ्यासाठीच आता पुढचं. नव्या यादीत काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात म्हणालीस. बाबा, हे दोन प्रकारचं असू शकतं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेते. टेबलात ती नीट साठली असतील पण जोडणी लॅटिन१ मध्ये, म्हणजे देवनागरी नसलेल्या जुन्या पद्धतीत, बोलत असेल, तर पानावर प्रश्नचिन्हं येतील. जोडणीच्या ओळीत कॅरॅक्टर सेट यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) लिहिलात की नावं परत दिसतील. पण टेबलच लॅटिन१ मध्ये बनवलं असेल, तर भरतानाच प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होऊन तेच साठतं. कुठलं आहे ते बघायला त्या रकान्यावर ‘हेक्स’ फंक्शन चालवा, ते साठलेले बाइट जसेच्या तसे दाखवतं. ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ने सुरू होणारे तुकडे दिसले तर मराठी शाबूत आहे. नुसती ‘३एफ’ची, म्हणजे प्रश्नचिन्हांची, रांग दिसली तर नाव गेलं, आणि कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येणार नाही. तेव्हा टेबल आधी यूटीएफ८एमबी४ करा आणि ती नावं आईच्या लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरातून पुन्हा भरा.

म्हणून आई, बाबा कितीही म्हणाले की आता रजिस्टरची गरज नाही, तरी देऊ नकोस. कार्यकारिणीपुढे विषय आलाच तर मला फोन लाव.

बाबा, पुढच्या वेळी फोटो नको. एररचा मजकूर कॉपी करून पाठवा, आकड्यासकट, आणि त्याआधी काय बदललं होतंत तेही लिहा. टेबलला हात लावण्याआधी मायएसक्यूएलडम्प नावाच्या साधनानं बॅकअप काढून पेन ड्राइव्हवर घ्या. पेन ड्राइव्ह आईकडे द्या, तुमच्या शर्टाच्या खिशात नको. मागचा धुण्यात गेला होता. आईच्या गुडघ्याचा रिपोर्ट आला असेल तर तो मात्र फोटो काढूनच पाठवा, पूर्ण पान येईल असा.

तुमची,
मीनू