शरणपूर रोडवरची आफ्रिकन पोरं पुस्तकात कधी येणार? शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकचा, हायस्कूलला इतिहास शिकवतो. बालभारतीची पुस्तकं नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे टप्प्याटप्प्याने बदलतायत आणि जो तो आपलं काहीतरी त्यात बसवायला बघतोय हे दिसतंय, तर मीही त्या लायनीत उभा आहे असं समजा. माझी मागणी कुठल्या समाजाची किंवा पक्षाची नाही आणि यात पुतळाही नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसं या महाराष्ट्रात शेकडो वर्षं राहिली, लढली, शहरं वसवली, शिकली, आणि आपण पोरांना त्यातलं जवळपास काहीच सांगत नाही. ते सांगायला सुरुवात करा, एवढंच म्हणणं आहे.

सुरुवात माझ्या गावापासूनच करतो. नाशिकला आलात की तुमचा ताफा शरणपूर रोडवरून कधी ना कधी जातोच. तिथे आता हॉस्पिटलं, मिठाईची दुकानं, सिग्नलला गर्दी, सगळं आहे, फक्त हे शरणपूर काय होतं ते सांगणारं काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने ही वस्ती वसवली आणि 1860 च्या सुमारास तिथे आफ्रिकन असायलम, म्हणजे आसरा देणारी शाळा, सुरू झालं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम भरून निघालेली गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं, त्यातून सुटलेली पोरंपोरी मुंबईला उतरायची आणि त्यातली बरीच जण इथे नाशिकला यायची. लिहायवाचायला शिकायची, सुतारकाम, लोहारकाम शिकायची. म्हणजे अमेरिकेत लिंकनच्या काळात गुलामगिरीवरून युद्ध पेटलं होतं तेव्हा गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन पोरं आमच्या गोदाकाठच्या गावात पाटी घेऊन बसली होती, आणि हे नाशिकच्या दहावी पास पोराला माहीत नाही, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

यातलाच एक जेकब वेनराइट. हे नाव अर्थातच मिशनने दिलेलं. 1872 मध्ये नाशिकच्या सहा तरुणांना डॉ. लिव्हिंगस्टनकडे आफ्रिकेत मदतीला पाठवलं, त्यातला हा एक. लिव्हिंगस्टन आपल्या पोरांना थोडाफार माहीत असतो, आफ्रिकेत फिरलेला संशोधक म्हणून. तो मे 1873 मध्ये आत्ताच्या झांबियात चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात वारला. पुढचं कुणी सांगत नाही. बरोबरच्या आफ्रिकन माणसांनी ठरवलं की बॉडी त्याच्या देशाला पोचवायची. त्यांनी त्याचं काळीज एका झाडाखाली पुरलं, मीठ लावून प्रेत उन्हात वाळवलं, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळलं. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकबने, कारण शिकलेला तो होता, आणि झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. त्यात लिव्हिंगस्टनचं नाव, बरोबरच्या म्होरक्यांची नावं, स्वतःचं नाही. तो कोरलेला बुंधा पुढे कापून लंडनला नेला.

मग प्रेत घेऊन ही मंडळी हजार मैलांच्या वर चालली. रस्त्यातली गावं प्रेत नेऊ देईनात, तर एके ठिकाणी त्यांनी खोटं प्रेत बांधून परत पाठवल्याचं नाटक केलं आणि खरं प्रेत कापडाच्या गाठोड्यासारखं बांधून पुढे काढलं. वाटेत एक इंग्रज अधिकारी भेटला, तो म्हणाला इथेच पुरून टाका, यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी 1874 मध्ये किनाऱ्यावर बागामोयोला पोचले. 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांमध्ये नाशिकला शिकलेला जेकब होता. शवपेटीशेजारी उभा असलेला त्याचा फोटोही आहे, बघण्यासारखा आहे. साहेब, हा धडा सहावीच्या पोरांना द्या, पिक्चर लागल्यासारखी ऐकतील. मी वर्गात सांगितलंय म्हणून बोलतोय. मागच्या बाकावरची पोरं सुद्धा विचारत होती की सर मग तो परत नाशिकला आला का.

असायलम 1874-75 मध्ये बंद झालं, नाशिकची माणसं आत्ताच्या केनियातल्या मोंबासाजवळ गेली, तिथे फ्रेअरटाउन नावाची मुक्त गुलामांची वस्ती उभी राहिली. गुलाम पकडणारे आले की तिथे घंटा वाजवायचे. इथे शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर 1885 मध्ये पूर्व आफ्रिकेतले पहिले आफ्रिकन अँग्लिकन पाद्री झाले. जेकबच्या बरोबर गेलेला मॅथ्यू वेलिंग्टन, याचं मूळ नाव चेंगविंबे, तो तर 1935 पर्यंत मोंबासात जिवंत होता. मिशन म्हणजे सगळं गोड होतं असं अजिबात नाही, पोरांची नावं, देव, भाषा सगळं बदललं गेलं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते पण सांगावं.

आता मलिक अंबर. याचं नाव पुस्तकात येतं, भातवडीच्या लढाईत, शहाजीराजांच्या गोष्टीत. निजामशाहीचा वजीर, हुशार माणूस, संपलं. तो इथिओपियात जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादपर्यंत मालक बदलत गेला आणि शेवटी दख्खनमध्ये निजामशाहीच्या चंगीजखानाने त्याला विकत घेतलं, आणि हा चंगीजखान स्वतःही हबशीच, म्हणजे आफ्रिकेतलाच, हे कोण सांगणार? विकत घेतलेला पोरगा पुढे मोगलांना वीसेक वर्षं दख्खनमध्ये टिकू देत नाही, आपण ज्याला गनिमी कावा म्हणतो ते तंत्र वापरतो, 1610 मध्ये खडकी वसवतो. आजचं छत्रपती संभाजीनगर ते हेच. तिथला भडकल गेट त्याचा, डोंगरातून पाणी आणणारी नहर त्याची. जमिनीची मोजणी आणि साऱ्याची त्याची पद्धत मराठी मुलखात पुढे कितीतरी वर्षं मलिकंबरी म्हणून चालली. 1626 ला वारला, कबर खुलताबादला आहे. सहली वेरूळला जातात, तिथून खुलताबाद हाकेच्या अंतरावर, बस थांबत नाही.

जहांगीर बादशहाला हा माणूस आयुष्यात हाती लागला नाही. मग त्याने काय केलं, तर दरबारातल्या अबुल हसन चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. भाल्याच्या टोकावर मलिक अंबरचं तोडलेलं मुंडकं, त्यावर घुबड, आणि बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून त्याला बाण मारतोय. चित्र आज डब्लिनला आहे. आणि आपल्या आठवणींमध्ये हाच जहांगीर त्याला काळतोंड्या म्हणतो, शिव्या घालतो. वर्णद्वेष इंग्रजांनी आणला, आपल्यात नव्हता, असं जे काही लोक छातीठोकपणे सांगतात ना, त्यांना हे चित्र दाखवावं.

मला माहितीये तुमच्या ऑफिसातून पहिला सवाल कुठला येणार. जंजिऱ्याचे सिद्दी, म्हणजे हेच आफ्रिकन वंशाचे लोक, तर स्वराज्याचे दुश्मन, सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला, त्यांचे गोडवे गायचे का? अहो, गोडवे कोण मागतंय. सिद्दींनी किनारपट्टीवर जो त्रास दिला तो पण शिकवा. पण त्याच 1660 च्या वेढ्यात वेढा फोडायला महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढत होता आणि त्याचा पोरगा वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, हे पण शिकवा ना. आज पोराच्या डोक्यात सिद्दी म्हणजे सीरियलमधला काळा, डोळे वटारणारा व्हिलन एवढंच आहे. तो माणूस समुद्रापलीकडून कसा आला, त्याला कुणी आणलं, हा प्रश्नच पडत नाही.

आणि त्याचा परिणाम बघा. माझ्याच वर्गात सावळ्या पोराला वेस्ट इंडिज म्हणतात, कुणाला निग्रो म्हणतात, तो पण हसतो बिचारा, काय करणार. एका मुलीला गॅदरिंगच्या नाचात मागच्या रांगेत टाकलं कारण "लाइटमध्ये दिसत नाही". हे घरातून येतं, स्थळं बघताना गोरी पाहिजे हे पोरं ऐकतच मोठी होतात. मग हीच पोरं मोठी होऊन पुण्यात फ्लॅट भाड्याने देतात आणि ब्रोकरला सांगतात आफ्रिकन स्टुडंट नको. मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात काय झालं आठवत असेल. एक मुलगा वारला, नायजेरियन विद्यार्थ्यांनी माणूस खाल्ला अशी अफवा उठली, आणि मॉलमध्ये जमावाने दिसेल त्या आफ्रिकन पोराला खुर्च्या, डबे जे हाताला लागेल त्याने मारलं. मारणारे काही अडाणी नव्हते, शाळा शिकलेलेच होते, एवढंच की त्या शाळेत आफ्रिकेचा धडा म्हणजे जंगल, वाळवंट आणि प्राणी.

यावर आपला उपाय काय, तर मूल्यशिक्षणाच्या तासाला "वर्णभेद करू नये" असं एक वाक्य फळ्यावर लिहायचं. पोरं ते उतरवून घेतात आणि मधल्या सुट्टीत पुन्हा वेस्ट इंडिज. उपदेशाने हे जात नाही साहेब. पण मलिक अंबरची अख्खी गोष्ट सांगितल्यावर त्याच सावळ्या पोराला दोघातिघांनी अंबर म्हणायला सुरुवात केली, आणि तो पहिल्यांदा कॉलर ताठ करून फिरत होता. आता हे पण रंगावरूनच नाव ठेवणं झालं म्हणा, पण मी चालवून घेतलं.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने 2023 मध्ये शाळांसाठीचा आफ्रिकन अमेरिकन अभ्यासाचा कोर्स नाकारला, केवढा गाजावाजा झाला, आपल्याकडे पण लोकांनी स्टेटस ठेवले. आपल्याकडे बंदी घालायचीही वेळ आली नाही, शिकवलंच नाही तर नाकारणार काय. आणि हे महाराष्ट्रात, जिथे जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करणाऱ्या लोकांना अर्पण केली. म्हणजे ज्या वर्षी जेकब ते प्रेत खांद्यावर घेऊन निघाला त्याच वर्षी. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंचा आणि अस्पृश्यांचा प्रश्न सारखा असल्याचं कळवलं, 1972 ला दलित पँथरने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. हा धागा महाराष्ट्राइतका पक्का दुसऱ्या कुठल्या राज्यात सापडेल असं मला वाटत नाही आणि आपणच तो पुस्तकातून गाळून बसलोय.

तर मागणी अशी. वेगळा विषय नको, वेगळा दिवस तर मुळीच नको, दिवस साजरा करायचा म्हटलं की फोटो काढून जीआरप्रमाणे अहवाल अपलोड करण्यातच आमचा आठवडा जातो. मराठेशाहीच्या पुस्तकात मलिक अंबरला दोन पानं द्या, जन्मापासून. आधुनिक भारतात जिथे सुधारणांचा धडा आहे तिथे शरणपूर टाका. शिक्षक प्रशिक्षण बघणाऱ्या पुण्याच्या एससीईआरटी या सरकारी संस्थेला सांगा की शिक्षक प्रशिक्षणात रंगावरून चिडवणं हा विषय घ्या, नुसता पीपीटी नको, वर्गात खरंच काय बोलतात त्यावर बोला. यल्लापूर, हल्याळ भागातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज गोव्यातून पोर्तुगीजांच्या तावडीतून निसटले असं मानतात, ते कोकणी-मराठी मिसळीची भाषा बोलतात. कर्नाटकात त्यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीत घेतलंय. त्यांच्यातल्या चार माणसांना पुस्तकाचा मसुदा वाचायला द्या. त्यांच्याबद्दल लिहिताना त्यांना विचारलेलं बरं.

आणि नाशिक महापालिकेला एक पत्र टाका, शरणपूर रोडवर एक साधा माहितीफलक लावायला. खर्च किरकोळ आहे, मजकूर मी फुकट लिहून देतो, फक्त उद्घाटनाच्या कोनशिलेवरची नावं त्या मजकुरापेक्षा मोठ्या अक्षरात नसावीत एवढं बघा.

आपला,
नाशिकचा एक इतिहासाचा मास्तर