आशाताई, लेक ४४ किलोची झाली

आशाताई,

काल लेकीला काट्यावर उभं केलं. ४४ किलो! पोळ्याला ३४ होती.

टायफॉइडचा ताप गेला, पण पोरगी वाळतच चालली होती. दोन घास खाल्ले की पोट फुगायचं, हिरवी उलटी व्हायची. आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत बसलो. बाहेरचं असेल, असंही घरात बोलणं झालं. तुम्ही गावच्या आशा सेविका; ती उलटी पाहिली आणि म्हणालात, "काकू, हे मला बरं दिसत नाही, उद्याच निघू." स्वतःच्या वावरातलं निंदण टाकून तुम्ही एसटीनं आमच्यासोबत नागपूरला आलात.

सीटी स्कॅनमध्ये सुपीरियर मेसेन्टेरिक आर्टरी सिंड्रोम निघाला. नाव ऐकूनच माझे हातपाय गळाले. पोटातल्या महाधमनीतून आतड्याला रक्त नेणारी धमनी निघते आणि त्या दोघींच्या बेचक्यातून लहान आतडं जातं. तिथं चरबीची गादी असते. वजन झपाट्यानं उतरलं की गादी विरते, बेचकं मिटतं, आतडं दबतं. हा कोन साधारण ३८ ते ६५ अंशांचा असतो, तिचा १६ होता.

डॉक्टर म्हणाले, आधी वजन वाढवून बघू, नाहीच जमलं तर ऑपरेशन. नाकातून नळी घालून ती दबलेल्या जागेच्या पुढे नेली. अन्नही हळूहळूच वाढवलं, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार बिघडतात.

नळी घेऊन घरी आलो, तेव्हा खरी भीती वाटली. तुम्ही रोज सांजच्याला यायच्या. प्रत्येक वेळी अन्न देण्याआधी आणि नंतर उकळून कोमट केलेलं पाणी सिरिंजनं नळीतून सोडायचं, हे माझ्या हातून करून घेतलंत. पुढे तोंडानं थोडं थोडं सुरू झालं, तेव्हा जेवल्यावर तिला डाव्या कुशीवर निजवायच्या.

दिवाळीच्या आधी वजन ३६ वर अकरा दिवस अडलं. नातेवाईक म्हणत होते, ऑपरेशन करून टाका. मीही ढळले होते. त्या सांजी तुम्ही वहीत लिहिलंत, "३६ किलो १०० ग्रॅम", आणि वही माझ्या हातात दिलीत. त्या शंभर ग्रॅमवर मी रात्र काढली.

तुम्हाला मोबदला ठरलेल्या कामांचा मिळतो. नळी धुवायला शिकवणं, रोजचं वजन लिहिणं त्यात कुठं बसतं, ताई? ती वही मी देवघरात ठेवली आहे. कालचं ४४ मात्र लिहिलेलं नाही. ते तुम्ही येऊन लिहा.

तुमची,
काकू