पोपचा राजवाडा आणि काकांची कॉफीची चक्की

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार वि. वि.

फोटो पाठवले की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून या वेळी पत्रच लिहितोय. सवडीने वाच.

आम्ही प्रोव्हान्समध्ये आहोत, ल तोर नावाच्या गावात. एका शेतकऱ्याच्या घराचा मागचा भाग भाड्याने मिळालाय. आजूबाजूला द्राक्षं आणि सफरचंदं. सप्टेंबर असल्यामुळे उन्हाचा ताप कमी झालाय, पण मिस्त्राल नावाचा इथला वारा सुटला की वाळत घातलेले कपडे शेजारच्या मळ्यातून वेचून आणावे लागतात. गावाला रेल्वे स्टेशन आहे हे फार बरं. एका दिशेला आव्हिन्यों, म्हणजे पोपचा राजवाडा. दुसऱ्या दिशेला लील-स्यूर-ला-सोर्ग, म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. मला आधी कुठे जायचं होतं हे तुला सांगायला नकोच. पण तुझ्या वहिनीपुढे कुणाचं चाललंय? आधी राजवाडा.

१३०९ पासून सत्तरएक वर्षं पोपचं बिऱ्हाड रोमऐवजी आव्हिन्योंला होतं. सहाव्या क्लेमेंटने तर १३४८ मध्ये नेपल्सच्या राणीकडून अख्खं शहरच ८०,००० फ्लोरिनला (त्या काळची सोन्याची नाणी) विकत घेतलं. राजवाडा बाहेरून म्हणशील तर किल्लाच. आत एकामागून एक प्रचंड दालनं, आणि जवळजवळ सगळी रिकामी! राज्यक्रांतीच्या काळात लुटालूट झाली, नंतर १९०६ पर्यंत तिथे सैन्याची बराक होती. त्या शिपायांनी भिंतींवरच्या चित्रांचे तुकडे कापून काढले आणि बाहेर विकले. आता तिकिटाबरोबर हातात एक टॅबलेट देतात. तो दालनात धरला की पडद्यावर गालिचे, पलंग, जेवणाची ताटं दिसू लागतात. सगळी मंडळी माना खाली घालून पोपचं सामान बघत फिरत होती. मला ते काही रुचलं नाही. एका खोलीतली चित्रं मात्र शाबूत आहेत. धर्मगुरूच्या खोलीत देवादिकांची चित्रं असतील अशी माझी समजूत, तर तिथे शिकारी, कुत्रे आणि चौकोनी तळ्यातले मासे! तिथून मला ओढून काढावं लागलं.

आव्हिन्योंच्या जुन्या पुलाचं थोडक्यात सांगतो. ऱ्होन नदीवर मुळात २२ कमानी होत्या, पुरांनी वाहून नेता नेता ४ उरल्या. पूल मध्येच संपतो. त्यावर जायलाही तिकीट आहे. आम्ही काठावरून बघितला आणि आईस्क्रीम खाल्लं.

आता मुद्द्याचं. लीलला दर रविवारी बाजार भरतो. सोर्ग नदीचे फाटे गावातूनच वाहतात, पाणी इतकं नितळ की तळातलं शेवाळ हलताना दिसतं. जुन्या गिरण्यांची लाकडी पाणचक्रं अजून फिरतात, त्यांच्यावर बोटभर जाड हिरवा थर चढलाय. गल्ल्यांमध्ये चीज, ऑलिव्ह, भाजीपाला आणि नदीकाठच्या रस्त्यावर ब्रोकांतवाले, म्हणजे जुन्या सामानाचे व्यापारी. चांदीचे चमचे, झुंबरं, तांब्याची पातेली, एनॅमलच्या किटल्या. चांदी कशी बघायची ते एकाने शिकवलं. जुन्या चमच्याच्या मागे भिंगातून मिनर्व्हा देवीचं शिरस्त्राण घातलेलं डोकं दिसलं आणि बाजूला १ आकडा असला, तर हजारात ९५० भाग चांदी. हा छाप १८३८ मध्ये सुरू झाला. छाप बघितला, किंमत ऐकली आणि चमचा जपून जागेवर ठेवला.

आपलं चोरबाजारातलं तंत्र इथे अजिबात चालत नाही बरं का. आधी ‘बोंजूर’ म्हटल्याशिवाय वस्तूला हात लावला की कपाळाला आठ्या. आणि भाव पटला नाही म्हणून आपण चार पावलं निघालो, तर मागून हाक येत नाही. गडी ‘ओ रव्वार’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

खरी मजा आली ती पलीकडच्या खेड्यातल्या व्हिद-ग्रनियेला. तिथे व्यापारी नसतात, घरचीच माणसं माळ्यावरचं सामान काढून टेबलांवर मांडतात. कायद्याने एका माणसाला वर्षातून दोनदाच असं विकता येतं, तेही स्वतःच्या घरातलं वापरलेलं सामान. पहाटे अंधारात बॅटऱ्या घेऊन आलेले चाणाक्ष लोक चांगला माल उचलून जातात. आम्ही निवांत नऊला पोचलो, तरी भरपूर होतं. जाड लिननच्या चादरी, कोपऱ्यात लाल दोऱ्याने भरलेली दोन अक्षरं. आपल्याकडच्या रुखवतासारख्या या चादरी मुलीच्या लग्नासाठी करून ठेवायचे. कितीतरी चादरींची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तुझ्या वहिनीने एक घेतली आणि दिवसभर त्या ‘एम. बी.’ बाईचा विचार करत राहिली.

आणि मग मला दिसली कॉफीची चक्की. लाकडी चौकोनी डबा, वर लोखंडी दांडा, खाली इवलासा खण आणि पुढे पितळी पट्टीवर नाव: प्यूजो! मोटारवाले तेच. मोटारींच्या कितीतरी आधी, १८४० पासून, ते कॉफीच्या चक्क्या बनवत होते. विकणाऱ्या आजीबाईंनी ती गुडघ्यांत धरून दांडा कसा फिरवायचा ते दाखवलं. खण ओढला तर कोपऱ्यांत काळी पूड अजून अडकलेली, आणि वासही होता, मंद, जरासा खवट. पंचवीस युरो म्हणाल्या, मी पंधरा म्हणालो, अठरावर तुटलं. कागदात गुंडाळून देताना त्यांनी खण पुन्हा एकदा उघडून आत बघितलं.

ही चक्की काकांसाठी आहे. काका प्रीमियर मोटार कंपनीत असताना कल्याणच्या कारखान्यातून प्यूजो ३०९ मोटार बाहेर पडायची, त्याच्या गोष्टी त्यांनी आपल्याला किती वेळा ऐकवल्यात! त्या पट्टीवरचं नाव त्यांना वाचू दे आधी, तू काही बोलू नकोस. दांड्याचा एक स्क्रू ढिला आहे, तो त्यांनाच बसवू दे. कॉफीच्या बिया मात्र तू आणून ठेव, माटुंग्याच्या त्या दुकानातून, पिबेरी, चिकोरी न घालता. आम्ही महिनाअखेरीस पोचतो. पहिल्या रविवारी सकाळी तुमच्याकडे.

काकांना आणि काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नंदू