डासांच्या प्रयोगशाळेतल्या ताईंना

ताई, सादर नमस्कार.

डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची (यलो फीवरची) लस घ्यायची तारीख ठरली आणि माझा जीव टांगणीला लागला. धाकट्या भावाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेलं, त्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, आणि ही जिवंत विषाणूची लस त्याला चालत नाही. मला लस दिल्यावर एखादा डास मला चावून मग त्याला चावला तर? दोन-तीन जणांना विचारलं, सगळ्यांनी हसून विषय बदलला. तुम्ही हातातलं काम थांबवून तासभर बोललात.

डासाची मादी म्हणजे इंजेक्शनची सुई नाही, हे तुम्ही आधी सांगितलंत. रक्ताबरोबर आत गेलेला विषाणू तिच्या आतड्याच्या पेशींत वाढावा लागतो, तिथून सुटून लाळग्रंथींपर्यंत पोचावा लागतो. त्यात आठवडा-दीड आठवडा जातो. १९३७ साली शास्त्रज्ञ मॅक्स थायलर यांनी जगापुढे आणलेला १७डी हा लसीचा विषाणू तिच्या आतड्याच्या पुढे सहसा सरकत नाही. शिवाय लस घेतलेल्याच्या रक्तात तो थोडेच दिवस असतो, तोही अगदी कमी.

मग तुम्ही मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावलात. पाय-पंख काढलेली मादी, तिची सोंड केसासारख्या काचेच्या नळीत, आणि नळीतल्या तेलात लाळेचा इवलासा थेंब. विषाणू लाळेत उतरला की नाही, ते या थेंबात शोधतात. तो थेंब अजून डोळ्यांसमोर आहे.

तिथेच थांबला असतात तरी मी समाधानाने घरी गेलो असतो. पण १९७१ ची गोष्टही तुम्ही लपवली नाहीत. अमेरिकेत घोड्यांना मेंदूज्वराची टीसी-८३ ही लस टोचली जात होती, आणि लुइझियानात पकडलेल्या डासांमध्ये तोच लसीचा विषाणू सापडला. म्हणजे एका लसीवरून दुसरीबद्दल बोलता येत नाही, प्रत्येक विषाणू डासात घालूनच पाहावा लागतो. खरं सांगतो, हे ऐकल्यावरच तुमच्या आधीच्या बोलण्यावर माझा पूर्ण विश्वास बसला.

भावाला सगळं सांगितलं. त्याने १९७१ चं दोनदा विचारलं, मग म्हणाला, "घे तू लस." घेतली. पुढचे दहा दिवस आम्ही दोघंही मच्छरदाणीत झोपलो, कारण निघताना तुम्ही म्हणाला होतात, "गरज नाही, पण लावा. मन शांत राहील."

मनापासून आभार, ताई.

तुमचा एक ऋणी