पुन्हा एकदा शिवराई

पेनसिल्व्हेनिया

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुझ्या एकाही फोनला उत्तर दिलं नाही, रागावला असशील. तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो. आज लिहितोय, कारण हे फक्त तुलाच कळेल.

शेजारचे पोलीसआजोबा गेले. परवा आजींनी बोलावून रुमालात गुंडाळलेलं त्यांचं रिव्हॉल्व्हर पुढे ठेवलं. "याचे किती येतील?" आखूड, दोन इंची नळीचं. आधी गोळ्या भरायचं फिरतं सिलिंडर उघडून रिकामं असल्याची खात्री केली. ते उघडायचा खटका मागे ओढावा लागला, म्हणजे कोल्ट कंपनीचं. स्मिथ अँड वेसनचा पुढे ढकलतात. गोळ्यांची घरं सहा. स्मिथचं 1950 चं चीफ्स स्पेशल पाचच गोळ्यांचं. नळीवर डावीकडे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' कोरलेलं, म्हणजे लांब नळी कापून आखूड केलेलं नव्हे. हे मॉडेल 1927 पासूनचं. रिकामी काडतुसं बाहेर ढकलायची दांडी नळीखाली उघडीच होती. तिच्यावर आवरण आलं 1970 नंतर, म्हणजे हे त्याआधीचं. नेमकं साल सिलिंडर उघडल्यावर दिसणाऱ्या नंबरावरून काढता येतं. मुठीच्या लाकडी फळ्याही मूळच्याच. मी खूश!

मग दिव्याखाली धरलं आणि पोटात गोळाच आला. कोल्टच्या छापातल्या उधळलेल्या घोड्याचे पाय पुसट, अक्षरांच्या कडा बोथट, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे. पॉलिशच्या चाकावर घासून वर नवा निळा-काळा रंग चढवलेला. संग्राहक पैसे मोजतो ते कारखान्यातल्या मूळ रंगाचे. अशा घासलेल्या कोल्टला तो हात लावत नाही, घेतला तर वापरायचं म्हणून, पडेल भावात.

आणि सुध्या, घासायला मीच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी आजोबांनी गंजाचे ठिपके दाखवले, तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "दुकानात देऊन चकचकीत करून घ्या," म्हणालो. त्यांनी ऐकलं.

तुझ्या आजोबांची जुनी शिवराई नाणी मी चिंचेने घासली होती, तेच परत. तेव्हाही वाटलं होतं, तू आनंदाने उडी मारशील. उडी मारलीस, पण माझ्या अंगावर! महिनाभर अबोला धरलास, वर माझी बॅट ठेवून घेतलीस. ती अजून तुझ्याचकडे आहे, विसरलो नाही.

आजींना छपराच्या दुरुस्तीला पैसे हवेत. शनिवारी त्यांना आकडा सांगायचाय. आकडा सांगेन, पण तो एवढा कमी का, हे कसं सांगू? "तुम्ही बघितलंत म्हणजे काळजी मिटली," असं म्हणाल्या रे त्या.

वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? चिनूचा निकाल कळव.

आणि एक खरं सांग. त्या महिन्यानंतर तू आपणहून बोलायला आलास, तो कशामुळे? मी तेव्हा काय म्हणालो होतो? मला आठवत नाही. शनिवारच्या आत फोन कर, या वेळी उचलतो.

तुझा,
मन्या